बाटलीत पाणी आहे

दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. "मॅडम, नोकरीतले अनुभव लिहून द्या. पण नेमणूक, बदली, पदोन्नती असलं काही नको." मी म्हटलं, अहो, बदल्या काढून टाकल्या तर जिल्हा परिषदेच्या मास्तरणीकडं सांगायला उरतं काय? ते हसले. फोन ठेवला आणि मला आठवली ती खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली. बोटभर उंचीची. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक त्या बाटलीची आहे. तीच सांगते.

मी विज्ञान शिकवायची, सहावी ते आठवी. शेवटची बरीच वर्षं सेनगाव तालुक्यातल्या एका गावात काढली. गोरेगावपर्यंत एसटी, पुढं जीप, आणि जीपवाला रुसला तर पायी. गावाचं नाव लिहीत नाही. यातली माणसं अजून तिथंच आहेत, आणि त्यांतली एकदोन फार तापट आहेत.

विज्ञानाच्या पुस्तकात हवेचा आणि हवामानाचा धडा असतो. बाष्पीभवन, संघनन, आर्द्रता, दवबिंदू, वायुदाब. शहरातल्या लोकांना वाटेल, खेड्यातल्या पोरांना हे शिकवणं अवघड. तसं नाही. आमच्या पोरांना हवामान आमच्यापेक्षा जास्त कळतं. "मॅडम, आज लई उकडून राहिलं, अंगाला चिकचिक होऊन राहिली," असं तिसरीतलं लेकरूसुद्धा सांगतं. सकाळी तुरीच्या शेंगांवर दहिवर पडलेलं त्यांनी रोज पाहिलेलं असतं, पाय भिजलेले असतात. नसतात ते फक्त पुस्तकातले शब्द. ती चिकचिक म्हणजे आर्द्रता आणि ते दहिवर म्हणजे संघनन, एवढी गाठ मारून देणं हेच मास्तरचं काम. पण आम्ही बहुतेक जण गाठ मारत नाही. व्याख्या पाठ करून घेतो, कारण परीक्षेत व्याख्या विचारतात.

व्याख्यांच्या बाबतीत माझा दबदबा होता. एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले. सातवीच्या वर्गात येऊन म्हणाले, "सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय, कोण सांगतं?" कोण काय, अख्खा वर्ग एका दमात ओरडला, "हवेतील बाष्प आणि त्याच तापमानाला हवेत मावू शकणारे जास्तीत जास्त बाष्प यांचे शेकडा प्रमाण!" पत्र्यावरची कबुतरं उडाली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'अध्यापन उत्तम'. त्या पानाची मी झेरॉक्स काढून ठेवली. अजून आहे माझ्याकडं.

ज्यांना ती व्याख्या कळली नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगते. हवा म्हणजे एक रांजण धरा. त्यात वाफेच्या रूपानं पाणी असतं, डोळ्यांना दिसत नाही. रांजण अर्धा भरला तर आर्द्रता पन्नास टक्के. काठोकाठ भरला तर शंभर. शंभर टक्क्यांना ओलं कापड वाळणार नाही, कारण त्यातलं पाणी घ्यायला हवेत जागाच नाही. बस्स, एवढंच आहे.

प्रयोगसुद्धा करायची मी, नाही असं नाही. संघनन दाखवायला बर्फ लागतो. शाळेत कुठला बर्फ? गोरेगावच्या बाजारातल्या रसवंतीवरून एक लादी पोत्यात गुंडाळून जीपनं आणली. निम्मी वाटेत वितळली आणि माझ्या साडीसकट शेजारच्या बाईची साडी भिजली. उरलेली टेबलावर ठेवून मी फळ्यावर 'संघनन' लिहायला वळले. लिहून पुन्हा वळते तर टेबलावर नुसतं पाणी आणि चाळीस तोंडं गप्प मिटलेली. कोणाच्या गालात खडा, कोणाच्या शर्टाच्या खिशात. मी काय करते? म्हटलं, "आता तोंडातून वाफ सोडा बघू!" त्या दिवशीचं संघनन पोरं कधी विसरली नसतील.

तर काजल. काजल राठोड, सातवीत, गावाजवळच्या तांड्यावरची. तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि काजलला बरोबर न्यायचे, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायला. चार-पाच महिने पोर शाळेबाहेर. परत आली की वर्ग पुढं गेलेला असायचा आणि ही मागच्या बाकावर बसून नुसती टुकूटुकू बघायची. हुशार किती! सहावीत असताना मला विचारलं होतं, "मॅडम, तिकडं ऊस तोडताना सकाळी पाचोळ्याला हात लावला की सगळा ओला असतो, आन् पाऊस तर नसतो. ते पाणी येतंय कुठून?" अशी पोर कोपीवर पाठवायची? 

सातवीच्या दिवाळीत मी तांड्यावर गेले. तिच्या वडिलांशी तासभर बोलले. फुलसिंग राठोड, बोलायला मोजका माणूस. आजी तांड्यावरच राहायची, तिच्याजवळ पोरीला ठेवा, म्हटलं. आई तयार होती. फुलसिंग म्हणाला, "म्याडम, आमी तिकडं लांब. वयात येणारी पोरगी. तुमच्या शब्दावर ठेवतो. पन एक बी तक्रार आली, गावातून म्हना, शाळेतून म्हना, तर मी त्याच हप्त्यात येऊन घिऊन जाईन. मग आर्ध्या वर्षात नेली म्हनू नका."

मी म्हटलं, मंजूर. काजल दारात उभी राहून ऐकत होती. त्यानंतर पोर इतकी जपून वागायची की मलाच वाईट वाटायचं. कोणी वेणी ओढली तरी बोलायची नाही, तक्रार व्हायला नको म्हणून.

शाळेत बालमंत्रिमंडळ असतं. आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री. मी त्यात एक खातं वाढवलं, हवामानमंत्री, आणि ते काजलला दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "असं खातं शासनाच्या यादीत नाही." मी म्हटलं, सर, हवामान तरी कुठं शासनाचं ऐकतं? त्यांनी सही केली.

मंत्र्याचं काम असं. व्हरांड्यात सावलीला एक फळी ठोकली होती. तिच्यावर दोन तापमापी शेजारी शेजारी. एकाचा फुगा उघडा. दुसऱ्याच्या फुग्याला पांढऱ्या सुती कापडाची चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीचं टोक खाली त्या खोकल्याच्या बाटलीत, पाण्यात. चिंधी ओली राहते, त्यातलं पाणी उडून जातं, जाताना थोडी उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापी कोरड्यापेक्षा कमी दाखवतो. माठातलं पाणी गार होतं ना, त्याचंच हे धाकटं भावंड. हवा जितकी कोरडी तितकं पाणी झपाट्यानं उडणार आणि दोघांतला फरक वाढणार. हवा काठोकाठ भरलेली असेल तर पाणी उडणारच नाही, दोन्ही आकडे सारखे येणार. फरक किती ते बघायचं, तक्त्यात बोट फिरवायचं, टक्के मिळतात. ते रस्त्याकडच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचे आणि परिपाठात मोठ्यानं वाचायचे.

काजल पहिल्याच आठवड्यात तरबेज झाली. सुविचार झाला, दिनविशेष झाला की ती पुढं यायची, हात मागं बांधून, "आजचे हवामान. तापमान अठ्ठावीस अंश. सापेक्ष आर्द्रता बेचाळीस टक्के." टीव्हीवरच्या बाईला लाजवेल असं.

एकदा फळीपाशी तिनं मला विचारलं होतं, "मॅडम, ह्या बाटलीत पाणी काहून घालायचं?"

माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा होता, घंटा झाली होती. मी म्हटलं, "रोज घालायचं म्हणजे घालायचं. आधी व्याख्या नीट पाठ कर, मग सांगते."

व्याख्या तिनं दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवली. ते 'मग' मात्र राहून गेलं.

रस्त्याकडच्या त्या फळ्याला एक गिऱ्हाईक लाभलं. मारोतआबा. वीसेक एकरांचे हळदवाले शेतकरी, शाळा समितीचे सदस्य, पांढरी टोपी, मोठा आवाज. रोज शेताला जाताना फळ्यापुढं थांबायचे आणि व्हरांड्याकडं बघून ओरडायचे, "काय म्हन्ते आज मशीन?" काजल आतून आकडा सांगायची. फेब्रुवारीत एक दिवस सकाळी आभाळ चांगलं मोकळं होतं, पण आर्द्रता एकदम पंच्याऐंशी निघाली. आबांचा हरभरा खळ्यावर पडलेला. त्यांनी ताडपत्री टाकून घेतली. दुपारून आभाळ भरून आलं आणि अवकाळीचा सडाका येऊन गेला. गावात बाकीच्यांचा हरभरा भिजला, आबांचा कोरडा! झालं. आबा शाळेत पेढे घेऊन आले. "म्याडम, मशीन बराबर हाय तुमचं. आमची आक्कल आन् मशीन, मशीनच भारी!"

नुसत्या आर्द्रतेवरून पाऊस सांगता येत नाही, त्या दिवशी योग जुळला, हे मला चांगलं ठाऊक होतं. आबांना सांगायला पाहिजे होतं. पण पेढा तोंडात होता, आणि कौतुक कोणाला नको असतं? मी म्हटलं, "विज्ञान आहे, आबा. हवेतलं पाणी आपल्या डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतं." हे वाक्य लक्षात ठेवा.

मार्च उजाडला. शाळेच्या हातपंपाला आधी दम लागला, मग नुसता खडखडाट. टाकी कोरडी. पोरं घरून बाटल्या भरून आणायला लागली. मुख्याध्यापकांनी परिपाठात बजावलं, "शाळेतलं पाणी फक्त पिण्यासाठी. एक थेंब दुसऱ्या कामाला वापरला तर नाव लिहून पालकांना कळवीन." त्यांचंही बरोबर होतं, पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवायची.

पालकांना कळवीन. हे शब्द काजलनं ऐकले.

मी तेव्हा शाळेत धड नव्हतेच. दहावीची परीक्षा सुरू झाली होती आणि गोरेगावच्या केंद्रावर पर्यवेक्षणाची ड्युटी लागली होती. पेपर आटोपून दुपारी शाळेत यायची, सह्या करायची, निघायची. एक दिवस आले तर फळ्यावर लिहिलेलं, 'सापेक्ष आर्द्रता १००%'. बाहेर ऊन मी म्हणत होतं, ओठ फुटत होते. मी ते वाचलं. वाचलं आणि डबा खायला आत गेले. दुसऱ्या दिवशीही शंभर. तिसऱ्या दिवशीही. मी तिन्ही दिवस त्या फळ्याखालून गेले. माझं माहेर कुरुंद्याचं, घरची हळद होती आमची, लहानपण हळदीच्या वासात गेलं. मार्चमध्ये हळद काय मागते हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

हळद काढली की शिजवतात. आता त्यासाठी ट्रॅक्टरवर लादलेले कुकर गावोगाव फिरतात. शिजलेली हळद ओलीचिंब असते, ती पसरून पंधरा दिवस खडखडीत उन्हात वाळवायची. ढीग करून झाकून ठेवली की आतल्या आत तापते, बुळबुळीत होते, बुरशी धरते. रंग जातो. मग ती कोणी घेत नाही.

आबांची एक कुकरभर हळद त्याच आठवड्यात शिजली होती. पहिल्या दिवशी, म्हणजे मी फळा बघितला त्याच्या आदल्या दिवशी, जरा मळभ होतं, मोबाईलवर अवकाळीचा मेसेजही फिरत होता. फळ्यावर शंभर बघून आबांनी ढीग केला आणि ताडपत्री टाकली. दुसऱ्या दिवशी मळभ गेलं, लख्ख ऊन पडलं. आबांची कारभारीण म्हणाली, "आवो, ऊन पडलंय की, पसरा ना." आबा म्हणाले, "तुला ऊन दिसून राहिलं. हवंतलं पानी दिसतंय का तुला? मशीनला दिसतंय." पाचव्या दिवशी ताडपत्री उघडली तेव्हा वास अंगणभर पसरला.

ते तसेच शाळेत आले. परीक्षेला सुट्टी होती म्हणून मीही होते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर आबांनी उपरण्यातून मूठभर हळद ओतली. काळी, लिबलिबीत, वर पांढरी बुरशी.

"ह्ये बघा तुमचं शंभर टक्के. कोन लिव्हतंय ते फळ्यावर?"

काजलला बोलावलं. ती आली, हळदीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सर व्हरांड्यात जाऊन बाटली घेऊन आले. आत पाणी नव्हतं, तळाला नुसती वाळकी रेघ. चिंधी कागदासारखी कडक. दोन्ही तापमापी कोरडे, म्हणून दोन्ही आकडे सारखे, फरक शून्य, आणि शून्याला तक्ता शंभर सांगतो. पोरीनं आकडे अगदी बरोबर वाचले होते, तक्त्यात बोटही बरोबर फिरवलं होतं.

"पाणी का घातलं नाहीस?" सरांनी विचारलं.

"तुमीच म्हणले व्हते, पिण्याशिवाय एक थेंब वापरायचा न्हाई."

 सगळे माझ्याकडं बघायला लागले, हवामान खातं माझं होतं. त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं ते मला आजही पाठ आहे. 'चूक माझी आहे, मी तिला पाणी का घालतात ते कधी सांगितलंच नाही.' एवढंच. पण समोर आबा, शेजारी सर, आणि डोळ्यांपुढं ते 'अध्यापन उत्तम'. माझ्या तोंडून निघालं, "काजल, एवढं साधं कळू नये का तुला?"

पोर रडली नाही. मान खाली घालून उभी राहिली आणि जा म्हटल्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी काजल आली नाही. परिपाठात हवामान झालं नाही. मधल्या सुट्टीत तांड्यावरच्या एका मुलीनं सांगितलं, "तिच्या आज्जीनं फोन केला मॅडम. तिचा बाप परवा येऊन राहिला, तिला न्यायला."

मी डबा तसाच मिटला. शाळा सुटल्याबरोबर दोन्ही तापमापी आणि बाटली पर्समध्ये घालून मी तांड्याची वाट धरली. आजी ओट्यावर बसलेली. हातभर पांढऱ्या बांगड्या, कपाळावर गोंदण. मला बघून उठली, पाणी दिलं, पण बोलली सरळ. "बाई, तुज्यावर राग न्हाई. पन पोराला शबूद दिलता म्या. गावातून तक्रार आली का न्हाई? आली. मंग?"

काजल आत होती. मी आत जाऊन जमिनीवर बसले. म्हटलं, हात दे. माझ्या बाटलीतलं पाणी तिच्या मनगटाला चोळलं आणि फुंकर घातली. "कसं वाटतं?"

"गार."

"दुसऱ्या हाताला?" कोरड्या हातावर फुंकर घातली.

"कायच न्हाई."

मग तापमापी काढले. चिंधी ओली केली, ओट्यावरच्या सावलीत धरले, दोघी बघत बसलो. ओल्याचा पारा हळूहळू खाली, खाली, आणखी खाली. जे सांगायला मला घंटेच्या आधी वेळ नव्हता ते सांगायला पुरती दहा मिनिटंही लागली नाहीत. काजल पाऱ्याकडं टक लावून बघत होती. तिनं आकडे वाचले, वजाबाकी केली. तक्ता तिला तोंडपाठ होता.

"सव्वीस टक्के," ती म्हणाली. मग थांबली. "म्हंजे त्या दिवशी बी हवा कोरडीच व्हती?"

"हो."

"म्हंजे आबांची हळद वाळली असती?"

मी मान हलवली. तेव्हा ती रडली. काल सगळ्यांपुढं रडली नव्हती, आता समजल्यावर रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "चूक तुझी नाही. चूक माझी आहे. तू विचारलं होतंस, मी सांगितलं नाही."

तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि माझ्याकडं बघून अगदी शांतपणे विचारलं, "मग काल तिथं काहून न्हाई बोलल्या?"

त्या पोरीच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती ती, पाचोळ्यावरचं पाणी कुठून येतं हे विचारलं होतं तसंच. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते द्यायची लाज वाटली. मी म्हटलं, "उद्या बोलते. तू ये."

तिथून थेट आबांकडं गेले. ते खळ्यावर सडलेली हळद खोऱ्यानं बाजूला काढत होते. मी म्हटलं, आबा, उद्या परिपाठाला या. ते म्हणाले, "काहून? अजून काही सडवायचं राहिलं का?" पण आले.

दुसऱ्या दिवशी काजल आजीबरोबर आली, सगळ्यात मागं उभी राहिली. राष्ट्रगीत झालं. मी पुढं गेले.  मी सांगितलं, फळ्यावर पाच दिवस चुकीचा आकडा होता. काजलनं नियम पाळला म्हणून बाटली कोरडी राहिली. बाटलीत पाणी का घालतात हे तिनं मला विचारलं होतं, मी टाळलं. शंभरचा आकडा मी तीन वेळा वाचला आणि डबा खायला गेले. हरभऱ्याच्या वेळचे पेढे खाल्ले तेव्हाही आबांना खरं सांगितलं नाही. आबांची हळद माझ्यामुळं गेली. मग मी आबांकडं वळून हात जोडले.

आबा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "मला बी दाखवा ते. पानी कुठं घालायचं असतंय?" काजलनं व्हरांड्यात नेऊन दाखवलं. साठीचा माणूस गुडघ्यावर हात ठेवून, वाकून पारा बघत होता आणि ती सगळं समजावत होती, मनगटावर फुंकर मारण्यासकट. माझ्यापेक्षा सोपं सांगितलं तिनं.

फुलसिंग ठरल्याप्रमाणं आला. खांद्यावर टॉवेल, डोळे प्रवासानं तांबारलेले, सरळ शाळेतच. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यानं हातानं थांबवलं. "म्याडम, तुमी चांगल्या हात. पन आपलं ठरलं व्हतं. तक्रार झाली."

आबा फळ्यापुढंच उभे होते. ते मागं फिरले.

"कोन म्हन्तं तक्रार झाली?"

"तुमीच केली ना आबा. हळद गेली म्हने तुमची."

"हळद माझी गेली ना? मंग तक्रार बी माझी. ती मी केलीच न्हाई. मी शिकाया आलतो शाळेत. तुज्या पोरीनं शिकवलं मला. ईचार तिला." आणि मग आवाज चढवून, "अन् हे बघ फुलसिंग, तिला नेलंस ना, तर मग मी खरंच तक्रार करीन, तुझी!"

फुलसिंगनं आबांकडं बघितलं, मग पोरीकडं. तो खाली बसला आणि म्हणाला, "पोरी, पानी दे जरा." काजलनं आपली प्यायची बाटली दिली. त्यानं घोट घेतला, बाटली परत दिली, आणि सांजच्या गाडीनं एकटाच गेला.

सोमवारी परिपाठात काजल पुढं आली. हात मागं. आणि मी न सांगता तिनं पहिलं वाक्य म्हटलं, "बाटलीत पाणी आहे." एक क्षण थांबून, "आजचे हवामान..." मागं खिदळले सगळे. ती हसली नाही. त्या दिवसापासून रोज ते वाक्य. बाटलीतलं पाणी उन्हाळाभर आबांच्या घरचं असायचं. शेताला जाताना तांब्या घेऊन यायचे आणि स्वतः ओतायचे. आकडा वाचून मग आभाळाकडं बघायचे, मग कारभारणीला विचारायचे. तिन्ही जुळले तरच ताडपत्री.

काजल आता नांदेडला नर्सिंग शिकते. परवा फोनवर म्हणाली, "मॅडम, इथं मी प्रत्येक गोष्ट काहून म्हणून विचारते, सिस्टर वैतागतात." मी म्हटलं, वैतागू दे.

माझ्या निरोप समारंभाच्या दिवशी मी मुद्दाम परिपाठाला थांबले. गळ्यात हार, हातात नारळ, पाहुणे खुर्च्यांवर, केंद्रप्रमुख घड्याळ बघत होते. सहावीतली एक बारकी पोरगी पुढं आली, नवी हवामानमंत्री. हात मागं बांधून म्हणाली, "बाटलीत पाणी आहे. आजचे हवामान."

केंद्रप्रमुखांनी मला हळूच विचारलं, "ही कसली बाटली?" मी त्या पोरीलाच जवळ बोलावून विचारलं, "बाटलीत पाणी आहे असं का म्हणतेस गं?"

"पहिल्यापासून म्हणतात, मॅडम."

मी हार काढून नारळासकट केंद्रप्रमुखांच्या हातात दिला आणि तिला व्हरांड्यात घेऊन गेले. तिच्या मनगटाला पाणी लावलं, फुंकर घातली. तिकडं माइकवर माझं नाव दोनदा पुकारलं. मी म्हटलं, पुकारू दे. सगळं समजावून सांगितलं, हळदीची गोष्टसुद्धा. पोरीनं डोळे मोठे करून ऐकलं आणि विचारलं, "मग चूक कुणाची व्हती?"

"माझी," मी म्हणाले. या वेळी अजिबात वेळ लागला नाही.